पर्यायी व्यवस्था होईपर्यंत

कारखान्याच्या आवारातल्या बोअरवेलच्या परवान्याची मुदत संपत आली म्हणून तुम्हाला झोप लागत नाही, असे कानावर आले. निवांत झोपा. गोव्याचा भूजल कायदा २००२ सालचा. म्हणजे तो केव्हाच वयात आलाय, आणि वयात आलेल्या मुलासारखा कुणाला फारसा आडवा येत नाही.

अर्ज करा. त्यात बाकी काही नसले तरी चालेल, पण ‘होईपर्यंत’ हा शब्द हवाच. ‘पर्यायी पाण्याची व्यवस्था होईपर्यंत मुदतवाढ मिळावी.’ किती सोज्वळ दिसतो बघा! यात नकार नाही आणि तारीखही नाही. ‘दुसरी खोली मिळेपर्यंत राहतो’ म्हणणाऱ्या भाडेकरूच्या नातवाचे बारसे त्याच घरात होते, तसलेच हे.

नळाची व्यवस्था अजून का झाली नाही, असे कुणी विचारलेच तर कॅलेंडर पुढे करा. जून ते सप्टेंबर पाऊस, रस्ता खणता येत नाही. मध्येच गणपतीची चवथ, तेव्हा खणणारेच गावी. मग दिवाळी. नाताळात पर्यटक, त्यांच्या गाडीपुढे चर खणून कसे चालेल? पुढे कार्निव्हल, होळीचा शिगमो आणि अधूनमधून आचारसंहिता. एप्रिल-मेमध्ये रस्ता मोकळा असतो, पण तेव्हा नळालाच पाणी नसते. असे करत जून येतो. या यादीत एकही शब्द खोटा नाही, हेच तिचे बळ.

खरे कारण मात्र लिहू नका. नळाचे पाणी घेतले की दर महिन्याला बिल येते, आणि कारखान्याचा दर घरगुती दराहून चढा. जमिनीखालचे पाणी त्याहून कमी खर्चात येते. स्वस्तातले सोडून महागाकडे जायला कोण घाई करतो? तुम्ही काही संत नाही. आणि मुदत तुमच्या परवान्याला असते, पाइपलाइन टाकणाऱ्याला नसते. दोघांनाही एकच तारीख द्यावी, असे अजून कुणाला सुचलेले नाही. सुचवू नका.

भरवशाचा मुद्दा आला की ऑगस्ट २०१९ आठवा. फोंड्याजवळ कुर्टी-खांडेपारला पणजीला पाणी पुरवणारी ओपा प्रकल्पाची जलवाहिनी फुटली आणि भर पावसात पणजीकर बादल्या घेऊन टँकरमागे धावले. ‘अशा नळावर कारखाना चालवू?’ एवढे विचारून गप्प बसा. पुढचा माणूसही त्या आठवड्यात बिनआंघोळीचाच राहिला असेल.

सांडपाणी शुद्ध करून वापरा, असे कुणी म्हणाले तर नाक मुरडा आणि कामगारांच्या भावनांचा दाखला द्या. ते पाणी कूलिंग टॉवरला, संडासाला आणि गेटासमोरच्या हिरवळीलाच जायचे आहे. तिथे भावना नसतात, पण हे तुम्ही कशाला सांगा? पावसाचे पाणी साठवण्याची गोष्ट तर लगेच दुसऱ्या विषयावर न्या. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस मीटरच्या पत्र्यावर त्याचे तीस लाख लिटर होतात. हा गुणाकार सातवीतल्या पोराला जमतो, म्हणून शाळेची सहल कारखान्यात आणू देऊ नका.

हुकमाचे पान शेवटी टाका. केंद्रीय भूजल मंडळाच्या पाहणीत गोव्यातले तालुके ‘सुरक्षित’ गटात मोडतात, म्हणजे वर्षभरात मुरणाऱ्या पाण्याच्या मानाने उपसा कमी. खरेच मोडतात. फक्त जांभ्याच्या पठाराचा स्वभाव त्या शब्दात येत नाही. चार महिने पडलेले पाणी जांभा स्पंजासारखा पितो आणि पायथ्याच्या झरींतून सोडून देतो. त्यावरच कुळागरे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, जगतात. वेर्णे पठाराखालची केसरवाळची झर अशीच आहे, तिथे लोक मुद्दाम आंघोळीला जातात. झरी आणि ओहळ चालत राहतात, पठार रिकामे होत जाते, आणि मार्च-एप्रिलला तळाशी जे उरते त्यावर वरच्या पंपाचा आणि खालच्या विहिरीचा एकाच वेळी डोळा असतो. पंपाचा पाइप लांब. वर्षाच्या सरासरीत एप्रिल बुडून जातो. तुम्ही सरासरीवरच बोला.

ग्रामसभेत रविवारी कुणी उठून विहिरीची तक्रार केली तर अभ्यास करू म्हणा. आमच्या काकीचे घर अशाच एका पठाराखाली आहे. पूर्वी तिची विहीर मेअखेरपर्यंत पुरायची, हल्ली शिगम्याच्या सुमारास कळशी तळाला घासते. अर्थात काकीने मीटर लावलेला नाही, विहिरीचा आलेख काढलेला नाही; नुसते बघून बोलते. अशा पुराव्याला कोण विचारतो?

तिच्याकडे आता टँकर येतो. परवा तिने चालकाला विचारले, ‘‘बाबा, हे पाणी कुठले रे?’’ त्याने मानेनेच वर पठाराकडे दाखवले. काकीने पैसे मोजून दिले आणि कळशी लावली.

बरी आठवण झाली. टँकरने भूजल वाहून न्यायलाही वेगळा परवाना लागतो. तुमचा एखादा टँकर असेल, तर दोन्ही अर्ज एकदमच टाका.