लिंबू-टिंबू, सहा मिनिटं आणि एक वही

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

दहा वर्षांखालच्या फुटबॉल संघात प्रत्येक मुलाला निदान अर्धा सामना खेळू द्यावा, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं, की अशाने सगळेच लिंबू-टिंबू होतील आणि हरणं कुणालाच पचणार नाही. शिवाय माझा मुलगा बाकावर बसतो म्हणूनच मला हा न्याय सुचला, आईची माया आंधळी. आणि धाकटी दर रविवारी मैदानाच्या कडेला ताटकळत बसते, तिच्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

मायेचा आरोप खरा आहे. तो बाकावर बसला नसता तर मी हा विषय काढलाच नसता. पण चटका ज्याला बसतो तोच आधी ओरडतो. त्याने विस्तव खोटा ठरत नाही. माझा मुलगा डिसेंबरचा. त्यांचे वयोगट 1 जानेवारीला ठरतात, म्हणजे त्याच्याच संघातला जानेवारीचा मुलगा त्याच्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा. नवव्या वर्षी अकरा महिने म्हणजे काय, ते दोघांना शेजारी उभं केलं की कळतं. कॅनडातल्या आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखांवरचा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला, त्यात वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेल्यांचाच भरणा निघाला. थोराड दिसला म्हणून निवडला, निवडला म्हणून जास्त खेळला, जास्त खेळला म्हणून खरोखर चांगला झाला. मग आपण म्हणतो, पोरात उपजतच आहे.

हरण्याचं म्हणाल, तर हरायला आधी खेळावं लागतं. सहा मिनिटं खेळलेला मुलगा हरत नाही, तो इतरांना हरताना बघतो. आणि गोल मोजू नका असं मी कुठेही लिहिलेलं नाही. मोजू नका म्हटलं तरी मुलं मोजतातच, वर पंचाशी हुज्जतही घालतात. नॉर्वेत मुलांच्या खेळासाठी 1987 साली नियम झाले, 2007 मध्ये ते सुधारले: अकरा वर्षांच्या आतल्या मुलांचे गुणतक्ते लावायचे नाहीत, तेराच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाही. त्याच देशाने 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये 16 सुवर्णपदकं नेली. बर्फ त्यांच्या दारातच आहे, मान्य. पण मुलं मऊ पडली असं काही दिसत नाही.

बरं, हिशोब तरी कुठे अवघड आहे? मैदानात सात, संघात बारा, सामना वीस-वीस मिनिटांचा. गोलकीपर बाजूला ठेवला तरी सहा जागांची 240 मिनिटं अकरा मुलांत वाटली की प्रत्येकी जवळजवळ 22 येतात. या वयोगटात बाहेर काढलेला मुलगा पुन्हा आत येऊ शकतो, त्यामुळे आलटापालट करायला नियम आड येत नाही. सवय येते.

आता धाकटी. इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत.

तिने भुणभुण करू नये म्हणून मीच तिच्या हातात स्टॉपवॉच आणि एक वही दिली होती. म्हटलं, दादा किती मिनिटं खेळतो ते लिहीत जा. तिने पानाच्या मधोमध उभी रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडे ‘दादा खेळला’: 6, 9, 6, 11. उजवीकडे ‘मी बसले’: 40, 40, 55, 40. पंचावन्नच्या पुढे कंसात, ‘उशिरा सुरू झाला’.

प्रशिक्षकांना दाखवायला मी त्या पानाचा फोटो काढला. उजवा रकाना बोटाने झाकून. तो झाकताना मला काहीही वाटलं नाही, हे तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर आठवलं. लेखातही मी तेच केलं होतं. मुलाच्या सहा मिनिटांसाठी दोन पानं भांडले, आणि मुलीची चाळीस मिनिटं माझ्या हिशोबातच नव्हती.

प्रशिक्षकांनी फोटो शांतपणे बघितला, “वही कुणाची?” एवढंच विचारलं आणि पुढच्या सामन्यापासून दर पाच मिनिटांनी मुलं बदलायला लागले. त्यांना दोष द्यावा असं काही नाही. बारा मुलं, चोवीस पालक आणि एक शिट्टी, इतक्यात माणूस आणखी काय करणार!

घरात आता मैदानावर एकानेच जायचं ठरलंय, एका रविवारी मी, एका रविवारी नवरा. धाकटीने यायचंच अशी सक्ती नाही. गेल्या रविवारी ती आली नाही. दादाने घरी आल्यावर बूटही न काढता वही शोधली आणि डावीकडे स्वतःच्या हाताने 22 लिहिलं. सामना तीन गोलांनी हरले होते, ते त्याने जेवताना सांगितलं.

उजवीकडची ती ओळ कोरी आहे. येत्या रविवारी ती येणार की नाही, ते अजून ठरलेलं नाही.