काराबाख बहुतेकांच्या आजोबांचं गाव नव्हतं
काराबाख (अझरबैजानमधला, २०२३ पर्यंत आर्मेनियन वस्ती असलेला प्रदेश) ही डायस्पोराची, म्हणजे जगभर विखुरलेल्या आर्मेनियन समाजाची, ‘पूर्वजांची भूमी’ असं काराबाखवरच्या एका लेखात म्हटलंय, तिथे गल्लत होते. बैरूत (लेबनॉन), अलेप्पोतली (सीरिया) बहुतेक आर्मेनियन घरं ऑटोमन साम्राज्यातल्या १९१५ च्या आर्मेनियन नरसंहारातून वाचलेल्यांची. मुळं मराश, अदाना, खारपुतची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली. बैरूतलगतच्या बुर्ज हम्मूदमध्ये वस्त्यांना नावंही तीच दिलीत: नोर (म्हणजे ‘नवं’) मराश, नोर अदाना. डायस्पोराला काराबाखचा जिव्हाळा वाढला तो काराबाख आर्मेनियाला जोडण्यासाठीच्या १९८८ च्या आंदोलनापासून, आणि म्हणून तो कमी खरा ठरत नाही. आर्मेनियातल्या गोरिसहून काराबाखच्या स्तेपानाकेर्त शहराला जाणारा रस्ता डायस्पोराच्या देणग्यांतूनच झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानच्या हल्ल्यानंतर लाखावर माणसं काराबाख सोडून आर्मेनियात आली. त्यांच्या मुलांना पुस्तकं पाठवणाऱ्यांनी एवढं पाहावं: बैरूतची आर्मेनियन पाठ्यपुस्तकं पश्चिम आर्मेनियन या भाषारूपात असतात. ही मुलं पूर्व आर्मेनियनमध्ये शिकलेली, शुद्धलेखनही वेगळं. पुस्तकं आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्येच घ्यावीत.