टाकीतली खुरपणी

शेजारच्या काकांनी माझा फिश टँक खुरपला.

बरोबर वाचलंत. आम्ही बाहेरगावी गेलो होतो, माशांना चिमूटभर खाणं घालायचं काम काकांकडे होतं. पुड्या बांधून दिल्या होत्या, किल्ली दिली होती. परत येऊन टाकीचा दिवा लावला, तर मधोमध नुसती खडी. जिथे ड्वार्फ सॅजिटेरिया या पाणवनस्पतीचा हिरवागार पट्टा होता, तिथे दोन मासे मोकळा प्लॉट बघायला आलेल्या गिऱ्हाइकासारखे घुटमळत होते.

फिल्टरची नळी झाकायला खोचलेलं प्लॅस्टिकचं झाड मात्र जागच्या जागी होतं. नुसतं होतं असं नाही, ब्रशनं घासून चकचकीत केलेलं होतं.

किल्ली आणायला गेलो. काकांनी दार उघडलं तेच विजयी मुद्रेनं.

"बघितलंत?"

"बघितलं."

"केवढं माजलं होतं हो! तुम्ही कामाची माणसं, तुम्हाला कुठला वेळ. म्हटलं, आपण रिकामेच आहोत. एका दुपारी बसलो आणि सगळं उपटून काढलं."

"काका, ते लावलेलं होतं."

"कोणी?"

"मी."

काका थांबले. माझ्या तब्येतीचा अंदाज घेत असावेत.

"गवत? मुद्दाम?"

"गवत नाही ते. सॅजिटेरिया आहे."

"दिसायला गवतच की."

"दिसायला. पण कूळ वेगळं. त्याला तीन पाकळ्यांचं पांढरं फूल येतं."

"तुमच्याकडे आलं होतं?"

इथे मी अडकलो. कारण फूल आलं नव्हतं. "नाही," म्हणालो.

"मग!" काका म्हणाले. खटला निकाली.

"अहो, पण मासे त्यात लपायचे."

"तेच तर म्हणतोय! लपायचे म्हणून मोजता येत नव्हते. पहिल्या दिवशी पाच भरले, दुसऱ्या दिवशी सात. जबाबदारी माझ्यावर. उद्या एखादा कमी भरला, तर तुम्ही मलाच विचारणार ना? आता या, कधीही मोजा. नऊ. सकाळी नऊ, संध्याकाळी नऊ. आणि हो, हात साबणानं दोनदा धुऊन मगच पाण्यात घातले बरं का."

साबणानं माशांच्या कल्ल्यांचं काय होतं, हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात काकू पाण्याचा पेला घेऊन आल्या. पाणी पिताना माणसाला भांडता येत नाही.

"मग ती रोपं टाकलीत कुठे?" मी शेवटी विचारलं.

"टाकतोय कशाला? कुंड्यांना आच्छादन केलं. ओलावा छान धरतं."

गॅलरीत जाऊन बघितलं. मधलं मोठं रोप, त्यातून निघालेला पांढरट रनर, म्हणजे आडवी धावणारी फांदी, त्यावर पोर, पुढे नातवंड, असं अख्खं घराणं कुंडीतल्या मातीवर वाळून सुतळी झालं होतं. काकांनी निगुतीनं गोल गुंडाळून ठेवलं होतं, हेही सांगायला हवं.

हा पट्टा कसा उभा राहतो, हे काकांना कुणीतरी सांगावं. नर्सरीत ही रोपं बरेचदा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. तिथे पानांना कार्बन डायऑक्साइड आयता मिळतो. पाण्यात तोच वायू हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. त्यामुळे रोप टाकीत आलं की जुनी पानं आधी पारदर्शक, मग तपकिरी, मग लिबलिबीत होतात. पाण्याखाली निभावतील अशी नवी पानं फुटेपर्यंत घरातलं प्रत्येक माणूस येता-जाता "मेलं का?" असं विचारून जातं. मुळं चिमट्यानं खडीत खोचायची, पण पानं जिथून फुटतात तो गड्डा वरच राहिला पाहिजे, गाडला तर कुजतो. इतकं जपून खोचावं, तर चिमट्याबरोबर रोप परत वर. ते बसलं, तर तळ उकरणारे मासे रात्रीतून ते उपटून तरंगत ठेवतात. मुळाशी खताच्या गोळ्या दाबा. लोह कमी पडलं की कोवळी पानं पिवळी. दिवा रोज सहा-आठ तास. त्याहून जास्त ठेवला की पानांवर शेवाळ.

बरं, विकताना "मधल्या भागासाठी घ्या, बुटकी आहे" म्हणून गळ्यात मारतात. मधला भाग म्हणजे पुढची हिरवळ आणि मागची उंच झाडं यांच्यामधला पट्टा. ही बया कधी १० सेंटीमीटरवर थांबते, कधी ३० सेंटीमीटर गाठून मागच्या झाडांच्याच पुढ्यात पडदा धरते. प्रकाश कमी, प्रकाश जास्त, दाटी झाली, दाटी नाही, अशी कारणं सांगणारे तज्ज्ञ पुष्कळ भेटतात. दोघांचं एकमत झालेलं मी ऐकलेलं नाही.

आणि एवढं करून तिच्याकडे बघतं कोण? घरी आलेला प्रत्येक पाहुणा टाकीसमोर वाकतो आणि दोन प्रश्न विचारतो. मासे किती, आणि पिल्लं होतात का. झाडाबद्दल विचारलंच, तर "हे खरं आहे?" खरं आहे म्हटलं की चेहरा पडतो, म्हणजे प्लॅस्टिकचं असतं तर कौतुक केलं असतं. मासे पाण्यात जो अमोनिया सोडतात, तो ही झाडं शोषून घेत होती, बिनबोभाट, बिनपगारी. आता ते काम पाणी बदलून मी करायचं. बादली उचलायला काका येणार नाहीत. आपल्या घरात आपण काय वाढवायचं, हे ज्याला-त्याला समजावत बसावं लागतं, याचा मला खरोखर राग येतो. काकांनी चोरी केली असती तर निदान तक्रार करता आली असती. उपकार केल्यावर काय करणार?

घरच्यांकडून पाठिंब्याची अपेक्षा होती. "मोकळं मोकळं वाटतंय," असा निकाल लागला. मुलगी म्हणाली, "बाबा, आता मासे दिसतात."

खडीत तुटून राहिलेल्या रनरच्या एका तुकड्याला दोन पानं आली आहेत, नखाएवढी. मी दिव्याचं टायमर पुन्हा लावलंय आणि तुकड्याशेजारी खताची गोळी दाबली आहे. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात. पुढच्या वेळी राहतील.

काकांना हे अजून कळवलेलं नाही. काल जिन्यात भेटले. खालच्या मजल्यावर कुणाकडे तरी टाकी आहे म्हणे, तिथेही फार माजलंय. "त्यांना तुमची दाखवायला आणू का? नमुना म्हणून."