संस्कारी पिक्चर म्हणे

आमच्या फॅमिली ग्रुपवर आज सकाळी एका काकांनी 'हम आपके हैं कौन'चं पोस्टर टाकलं. खाली ओळ: "असे संस्कारी पिक्चर आता निघत नाहीत." त्यावर धडाधड हात जोडलेले इमोजी. नेमका काल रात्रीच मी तो टीव्हीवर पुन्हा पाहिला होता, जाहिरातींसकट अख्खा. तिथे बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय.

आधी कौतुक करते, नाहीतर म्हणाल हिला काही आवडतच नाही. 1994 चा हा पिक्चर म्हणजे माझं अर्धं बालपण. चौदा गाणी! 'दीदी तेरा देवर दीवाना' गायल्या तेव्हा लताबाई पासष्टीला टेकल्या होत्या, आणि माधुरी सत्तावीस वर्षांची. ऐकताना येते का कुणाला शंका? संगीत रामलक्ष्मण यांचं, म्हणजे आपले नागपूरचे विजय पाटील. जोडीतले राम केव्हाच गेले होते, दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'नंतर लगेच, पण यांनी नाव तेच ठेवलं. रीमाताई, रेणुका, लक्ष्या... अर्धं घर आपलंच. आमच्याकडे लग्नात कानपिळी असते, पण त्यानंतर प्रत्येक मांडवात जोडे पळवायलाही सुरुवात झाली. भटजी वैतागायचे.

तर आम्ही सगळे सांगलीला थिएटरात गेलो होतो. तिकिटं आत्याने काढली होती. तिला सगळी गाणी कॅसेटवरून पाठ. इंटरव्हलपर्यंत ती आमच्यापेक्षा जास्त हसत होती. मग रेणुका जिन्यावरून पडते, जाते, आणि दोन्ही घरची मोठी माणसं ठरवतात की बाळासाठी धाकटीने मोठ्या बहिणीच्या नवऱ्याशी लग्न करावं. तेवढ्यात आत्या उठली. "पाणी पिऊन येते." ती परत आलीच नाही.

माझी थोरली आत्या बाळंतपणात गेली होती. वर्षाच्या आत धाकटीला त्याच घरात दिली. बाळासाठीच.

काल तो प्रसंग मी नीट पाहिला. निशाला, म्हणजे धाकट्या माधुरीला, कुणी विचारतं का? विचारतात, पण असं, की तिला वाटतं तिच्या आवडत्या प्रेमशीच, म्हणजे बहिणीच्या धाकट्या दिराशीच, लग्न ठरतंय! एवढं मोठं घर, एवढे जीव लावणारे लोक, आणि पोरीशी सरळ एक वाक्य बोलायला कुणाला सुचत नाही. मग खरं कळल्यावर ती आणि तो दोघंही गप्प बसतात, आणि त्याला त्याग म्हणायचं. खोचक मामी झालेल्या बिंदूला नवरा थोबाडीत देतो तेव्हा आमच्या थिएटरात टाळ्या पडल्या होत्या. मीही वाजवल्या असतील. संस्कार!

हो, शेवटी ते लग्न मोडतंच की, असं कुणीतरी म्हणेल. मोडतं. टफी कुत्र्याने निशाची प्रेमला लिहिलेली चिठ्ठी भलत्या भावाकडे नेली म्हणून.

पिक्चर सुटल्यावर आत्या बाहेर बाकावर भडंग खात बसलेली. चप्पल तुटली म्हणाली. चप्पल धडधाकट होती, मी पाहिली. मी आपली उड्या मारत तिला शेवट सांगितला, कुत्रा, चिठ्ठी, सगळं. ती खो खो हसली आणि म्हणाली, "आमच्याकडे कुत्रं नव्हतं गं."

तेव्हा मला यातलं काहीच कळलं नव्हतं. मी फक्त भडंग मागितलं.

आत्याचा नवरा वाईट नव्हता, हे मान्य. तिला जपलं त्याने. आणि तान्ह्या बाळाचं काय करायचं हा प्रश्नही खोटा नव्हता. थोरलीचा तो मुलगा आज पन्नाशीकडे आलाय, तिला अजून 'मावशी' म्हणतो, तिच्या पोटची दोघं 'आई' म्हणतात, आणि एकाच ताटलीतल्या वड्या तिघांत भांडून संपतात. घर छान आहे ते. म्हणून काय विचारायचं नाही?

ज्या बैठकीत तिचं ठरलं, तिला चहा घेऊन आत पाठवलं आणि बाहेर तारीख काढली, त्या बैठकीत हे पोस्टरवाले काकाही होते. आता कळलं सकाळी माझं डोकं का फिरलं?

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. मागे 'लो चली मैं' गुणगुणतेय मीच, काय करणार. आत्या तर अजूनही कुठल्याही हळदीला 'समधी समधन' लागलं की पदर खोचून उतरते, गुडघे गेले उडत.

पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे. गाणी हीच वाजणार, यादी मीच करतेय. जोडे पळवायला आत्याला पुढे घालायचं ठरलंय, कारण तिच्यावर कुणी संशय घेत नाही. आणि मुलाकडच्यांनो, वाचत असाल तर पाकिटं जाड आणा. कानपिळीचे पैसे वेगळे.