‘भर लाटांत इंजिन बंद केलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्या बोटीवरच्या डॉल्फिन-फेरीत मुलीला उलट्या झाल्या, तुम्ही आणि वहिनी चिंब भिजलात, त्याबद्दल मनापासून दिलगिरी. बोट वेळेआधी परत आणली हेही खरं. वारा वाढला की आम्ही फिरतोच, मग गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, ‘भर लाटांत इंजिन बंद करून आमच्या जिवाशी खेळ केला.’ हे आमच्या तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, फार जिव्हारी लागलंय. सर, इंजिन चालूच होतं, फक्त गिअर न्यूट्रलला होता. डॉल्फिन बोटीला खेटून आले की बोटीचा पाण्यातला पंखा फिरता ठेवायचा नसतो, पात्याने अंग फाटतं त्यांचं. त्यातून ती पिल्लू बरोबर असलेली मादी. पिल्लाच्या अंगावरचे फिकट उभे पट्टे तुम्हालाही दिसले असतील. आईच्या पोटात दुमडून राहिल्याच्या त्या खुणा, म्हणजे अगदी नुकतं जन्मलेलं. त्याला आईपेक्षा जास्त वेळा श्वासाला वर यावं लागतं, आणि ते नेमकं आपल्या पंख्याजवळच वर येत होतं. अशात गिअर टाकायचा कसा, तुम्हीच सांगा!

गिअर काढला की बोट लाटेला आडवी होते आणि डोलते. तुम्ही घाबरलात ते तेव्हा. मायलेकरं बाजूला होताच तांडेलाने बोटीचं तोंड लाटेवर घेतलं. शिवाय सगळे मोबाइल घेऊन एकदम एकाच कडेला आलात, त्यानेही बोट कलली. ‘खाली बसा’ म्हणून तो ओरडला, त्याला तुम्ही ‘उद्धट’ लिहिलंत. व्हिडिओसाठी लाइफ जॅकेट कोणी काढलं होतं, ते मी इथे लिहीत नाही.

डॉल्फिनच्या मागे बोट आम्ही पळवत नाही. त्यांना वाटलं तर तेच येतात, त्या दिवशी आलेच की! वाऱ्याने पाणी फेसाळलं की लांबून पाठीवरचा पर ओळखू येत नाही. अशा हवेत त्या मादीच्या श्वासाचे तुषार तुमच्या चष्म्यावर उडाले. रिव्ह्यूत त्याची एक ओळ नाही, याचं वाईट वाटलं.

पैशांचं फोनवर बोलू. यापुढे निघण्याआधी हवेची नीट कल्पना देऊ, उलटीच्या गोळीचंही सांगू, बाकी सुधारणा चालू आहेतच. सीझन थोडा असतो सर, आमची घरं याच बोटीवर चालतात. रिव्ह्यू बदलता आला तर बघा.