भरदुपारी मध्यरात्र

माझ्या दोन बुबुळांमधलं अंतर 66 मिलिमीटर आहे, हे मला वयाच्या 59 व्या वर्षी कळलं. लग्नाच्या वेळी गण, नाडी, गोत्र सगळं पाहून झालं होतं, पण हे कोणी विचारलं नव्हतं. धरमपेठेतल्या चष्मेवाल्यानं माझ्या नाकावर पट्टी टेकवली, "काका, आता माझ्या या डोळ्याकडे पाहा" असं दोनदा म्हणून आकडा कागदावर लिहिला आणि विचारलं, "नवीन चष्मा करून राहिले का?"

"नाही. विमान चालवायचं आहे."

त्यानं पट्टी हळूच खिशात ठेवली. "काका, त्याले डोळे चांगले लागतात."

विमानाचं खूळ घराण्यातलं आहे. वडील डाक खात्यात होते, सोनेगावच्या विमानतळावर रात्रपाळीला. 1949 च्या जानेवारीत रात्रीची हवाई डाक सुरू झाली आणि नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचा पहिल्यांदा कोणाला तरी खरा उपयोग झाला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही शहरांतून संध्याकाळनंतर एकेक विमान निघायचं. मध्यरात्रीच्या सुमाराला चारही सोनेगावला जमायची, आपसात थैल्या बदलायची आणि पहाटेपर्यंत जिथली तिथं परत. मुंबईत संध्याकाळी पेटीत पडलेलं पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत. सुरुवातीला ही विमानं डकोटा होती. चारातलं एक उशिरा आलं की बाकीच्या तिघांचा खोळंबा, आणि वडिलांचाही. आमचं घर खामल्यात. आई अंथरुणात पडल्यापडल्या आवाज मोजायची. 1973 साली ते सगळं बंद झालं, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. डकोटा मी काही धड पाहिली नाही, फक्त ऐकली, तीही बहुतेक झोपेत.

बँकेतून निवृत्त झाल्यावर पोराचा जुना कॉम्प्युटर माझ्याकडे आला आणि मी माइक्रोसॉफ्टचं फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान चालवायचा खेळ, घेतलं. त्यात 2022 साली डकोटाची मूळ बहीण, डग्लस डीसी-3, आली. हे कळलं त्या दिवशी मी जेवायलाही वेळेवर उठलो नाही. पण पडद्यावर एक अडचण होती. उतरताना धावपट्टीच्या बाजूनं उलट जाऊन मग वळायचं असतं, आणि वळताना खिडकीतून धावपट्टीवर नजर ठेवायची असते. पडद्यासमोर तुम्ही मान वळवलीत तर धावपट्टी दिसत नाही, सोफ्यावर मटार सोलत बसलेली बायको दिसते. मान वळवायला बटण दाबायचं. बटण दाबेस्तोवर विमान हिंगण्याला.

भाचा मिहानमध्ये कॉम्प्युटरचंच काहीतरी करतो. तो म्हणाला, "मामा, तुम्ही व्हीआर घेऊन घ्या, डोळ्यांवर बांधायचा हेडसेट. मान वळवली की तिकडचंच दिसते."

आता हेडसेट निवडायचा म्हणजे मुलगी पाहण्यापेक्षा कठीण काम. बँकेत पस्तीस वर्षं काढल्यामुळे मी वही घेऊन बसलो. क्वेस्ट 3 मध्ये एका डोळ्यासमोर 2064 गुणिले 2208 ठिपके. म्हणजे 45 लाख 57 हजार, दोन्ही डोळे मिळून 91 लाख. माझ्या साध्या पडद्यावर सगळे मिळून 20 लाख 73 हजार. पिमॅक्स क्रिस्टल पाहिला तर 2880 गुणिले 2880, दोन्ही डोळ्यांचे दीड कोटीच्या वर. एवढ्या रकमेला आमच्याकडे झोनल ऑफिसची मंजुरी लागायची. आणि हे सगळे ठिपके कॉम्प्युटरनं सेकंदाला 72 वेळा नव्यानं रंगवायचे, नाहीतर मान वळते आणि चित्र मागून येतं.

तिसरा एक फार स्वस्तात मिळत होता, वापरलेला, चित्र म्हणे आरशासारखं. मी पैसे काढायला निघालो होतो. भाच्यानं हात धरला. त्या जातीचे हेडसेट ज्या सोयीवर चालायचे ती सोयच विंडोजच्या नव्या अपडेटमधून काढून टाकलेली होती. "मामा, तो आता फक्त डोळ्यांवर बांधून झोपायच्या कामाचा." म्हणून मग क्वेस्ट 3. जुन्या स्कूटरच्या भावात पडला. घरी किंमत सांगताना मी स्कूटरचं वर्ष सांगितलं नाही.

वजन 515 ग्रॅम. आकडा कागदावर काहीच वाटत नाही. अर्धा किलो वांगी कपाळाला बांधून वीस मिनिटं बसा, मग बोला.

कॉम्प्युटरला जोडायला लांब केबल लागते. सीताबर्डीवर गेलो. दुकानदाराला मी मुद्दाम विचारलं, "यातून डेटा जाते का?"

"जाते ना काका. सगळंच जाते."

सगळं नाही, नुसती वीज जात होती. हेडसेट दोन तास गपगुमान चार्ज झाला आणि कॉम्प्युटरनं त्याची दखलही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी परत करायला गेलो, तर डब्याचं पाकीट फाडलं म्हणून परत घेईना. ती केबल आता बायकोच्या मोबाइलला लावतो. पाच मीटर लांब असल्यामुळे ती चार्जिंग चालू असतानाच स्वयंपाकघरात पोळ्या करत बोलते. घरात या सगळ्या खटाटोपातली तेवढी एकच वस्तू तिनं मनापासून स्वीकारली आहे.

खरी केबल आली. मग चष्मा. मी प्रोग्रेसिव्ह वापरतो, वर लांबचं, खाली वाचायचं. तो घालून हेडसेटमध्ये शिरलो तर आकाश स्वच्छ आणि खालची सगळी घड्याळं धुक्यात. हनुवटी वर करून, नाकाच्या शेंड्यावरून, बँकेत चेकवरची सही तपासायचो तसं पाहिलं तर आणखीच धुकं. पुन्हा चष्मेवाल्याकडे. त्या भल्या माणसानं उलगडा केला. हेडसेटमध्ये समोरचं घड्याळ दोन फुटांवर आहे असं नुसतं वाटतं. भिंगांमुळे डोळ्याला मात्र ते, आणि क्षितिजसुद्धा, एकाच अंतरावर पाहावं लागतं, चार-सहा फुटांवर. वाचायचा नंबर लागतच नाही. कपाटातला पंधरा वर्षांपूर्वीचा, नुसत्या लांबच्या नंबरचा चष्मा काढून घातला, आणि अहो, चाळिशी लागल्यापासून पहिल्यांदा मला जवळचं बारीक अक्षर साध्या चष्म्यातून दिसलं! उंचीमापकावरचे आकडे, तेलाच्या दाबाचा काटा, खाली कोपऱ्यातली इवलीशी सूचना. मी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको म्हणाली, विजेचं बिलही त्यातच वाचत जा.

आकडे दिसले तर कीबोर्ड गेला. डोळ्यांवर खोकं असताना कळा कुठून दिसणार? चाकं खाली घ्यायला गेलो आणि इंजिन बंद झालं. यावर उपाय बायकोनंच काढला. टिकल्यांचं पाकीट आणलं आणि मला लागणाऱ्या कळांवर एकेक टिकली लावली, चाकांना मोठी, दिव्यांना छोटी, आणि स्पेस बारवर खड्याची. स्पेस बार दाबला की नजर परत सरळ कॉकपिटच्या मध्यावर येते. ती कळ सगळ्यात जास्त लागते म्हणून खडा. आमचा कीबोर्ड आता सवाष्ण आहे.

पहिलं उड्डाण अंबाझरीवरून. तलाव खाली चमकत होता, मी विमान डावीकडे कलंडवलं, आणि पोटातले सकाळचे तर्री-पोहे उजवीकडे कलंडले. डोळे सांगतात आपण वळतोय, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्या सांगतात अरे बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलाय. दोघांत भांडण लागतं आणि शिक्षा पोटाला. त्यात चित्र अडखळलं की आणखी वाईट. मी चार दिवस संत्रा गोळी चघळत उडालो, लहानपणी एसटीत देत असत ना, तीच. भाच्यानं सांगितलं की जरा कसंनुसं वाटलं की लगेच काढायचं, मर्दुमकी दाखवायची नाही, आणि चेहऱ्यावर वारा ठेवायचा. वाऱ्याला आमच्याकडे कूलर आहे. खसचा वास घेत मी विमान चालवायला लागलो. चित्र अडखळू नये म्हणून ढग कमीत कमी करून टाकले. मे महिन्यातल्या विदर्भात ढग बंद केल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मे महिना होता हे सांगायचं राहिलं. पारा पंचेचाळीसच्या वर. हेडसेटच्या आतली गादी घामानं इतकी भिजायची की पिळून घ्यावी. एका दुपारी मी झोपून उठलो, हेडसेट जागेवर नाही.

"वाळत घातलाय," बायको म्हणाली. "गच्चीवर. वास मारत होता."

या भिंगांना ऊन अजिबात चालत नाही. भिंगातून सूर्य आत गेला तर थेट पडद्यावर गोळा होतो आणि थोड्याच वेळात कायमचा डाग पडतो. लहानपणी भिंगानं कागद जाळायचो तोच प्रकार, फक्त कागदाच्या जागी 91 लाख ठिपके. मी अनवाणी धावलो. नागपूरच्या गच्चीवर मे महिन्यात दुपारी तीन वाजता अनवाणी जाणं म्हणजे काय ते इथलाच माणूस जाणे. पहिल्या पावलाला कळलं, पाचव्या पावलाला उडी मारली, ती नेमकी आईच्या कुरडयांच्या चादरीवर. चादरीच्या दुसऱ्या टोकाला, साबुदाण्याच्या पापडांच्या रांगेत, हेडसेट पालथा पडला होता. भिंगं खाली आणि त्यांच्याखाली घडी केलेला पंचा.

"काच वर ठेवली असती तर धूळ नसती का बसली?" मागून आलेली बायको म्हणाली. "तेवढी अक्कल आहे मला." मग माझ्या पायाखाली पाहिलं. अकरा कुरडया मोडल्या होत्या. आईनं त्या मोजल्या, म्हणून आकडा पक्का.

डीसी-3 जमिनीवर असताना शेपटीवर बसलेली असते आणि नाक आकाशाकडे. समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. खरे पायलट बाजूच्या खिडकीकडे वाकून पाहत पुढे सरकायचे. मीही वाकलो. हेडसेटमध्ये ते इतकं छान जमतं की काच नाहीच असं समजून डोकं सरळ बाहेर काढता येतं. बाहेर सोनेगावची धावपट्टी होती, 3200 मीटर लांब, मोकळी. माझ्या खोलीत मात्र त्या जागी लोखंडी कपाट होतं. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे विचारायला आले. विमानाला खरचटलंही नाही.

मग कपाट हलवलं. आरशावर चादर टाकली, कारण हेडसेट आपल्या कॅमेऱ्यांनी खोली पाहून स्वतःची जागा ओळखतो आणि आरशात दुसरी खोली दिसली की गोंधळतो. शेजारच्या काकूंनी चादर घातलेला आरसा पाहून आईची तब्येत विचारली. आणि वडिलांसारखी मध्यरात्र करायची म्हणून मी एका रात्री खोलीतले सगळे दिवे घालवले, तर हेडसेटला काही दिसेचना. अंधारात त्याचे कॅमेरे आंधळे. अंधार पाहायचा असेल तर ट्यूबलाइट लावा, असा मामला. तेव्हापासून मध्यरात्र मी भरदुपारी करतो, पडदे उघडे टाकून. फक्त हेडसेटवर कवडसा येणार नाही एवढं पाहतो.

परवा ते जमलं. मुंबईहून डकोटाला तीन तास तरी लागतील आणि माझी मान वीस मिनिटांत उतरते, म्हणून वर्ध्यापाशी हवेतच सुरुवात केली. खाली बुटीबोरीचे दिवे, पुढे काळोख, मग धावपट्टीच्या दोन रांगा. खड्याची टिकली, मोठी टिकली, चाकं खाली. दोनदा उसळलं, पण उतरलं. कडेला नेऊन उभं केलं, इंजिनं नुसती गुरगुरत ठेवली आणि घड्याळात पाहिलं. आत बारा वाजून दहा मिनिटं. बाहेर आई दुपारच्या चहाचं विचारायला आली होती.

"पाहायचंय का, आई? सोनेगाव आहे. रात्रीचं."

आई 83 वर्षांची. तिचा अंबाडा पट्ट्यात अडकला, तो सोडवून पट्टा पुन्हा बांधला. भिंगांमधलं अंतर माझ्या 66 वर होतं, ते तिच्या डोळ्यांसाठी चाक फिरवून 60 वर आणलं. मी कूलर जरा तिच्या बाजूला वळवला. ती बराच वेळ बोललीच नाही. हळूहळू मान डावीकडे नेली, मग उजवीकडे, मग वाकून खिडकीतून खाली पाहिलं.

"थैल्या कुठं आहेत?"

"थैल्या नाहीत यात, आई. नुसतं विमान आहे."

"मग कायले आलं हे?"

मला उत्तर सुचलं नाही. म्हटलं मान दुखेल तिची, म्हणून पट्टा सोडवायला हात नेला. तिनं तो बाजूला सारला.

"थांब ना. तीन यायचे आहेत अजून."