जोडीदाराच्या एचपीव्ही तपासणीने स्त्रीचा आजार टळत नाही

गर्भाशयमुखात कर्करोगपूर्व बदल आढळलेल्या स्त्रीच्या जोडीदाराचीही एचपीव्ही (लैंगिक संबंधांतून पसरणारा आणि असे बदल घडवणारा विषाणू) तपासणी करून त्याच्यावर उपचार केले नाहीत, तर तिचा आजार उलटतो, आणि या तपासणीतून संसर्ग कोणी आणला हेही कळते, असा संदेश सर्वत्र फिरत आहे. अशा स्त्रियांच्या जोडीदारांमध्ये हा विषाणू अधिक प्रमाणात आढळतो, एवढे त्यात खरे आहे. पुढचे निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाहीत.

उपचारांचा मुद्दा आधी घेऊ. एचपीव्हीचा संसर्ग घालवणारे औषध आज उपलब्ध नाही. स्त्रीवर होणारा उपचारदेखील विषाणूवर नसतो. बदललेल्या पेशींचा भाग विजेच्या तारेने कापून काढतात, किंवा गोठवून अथवा उष्णतेने नष्ट करतात. पुरुषाच्या त्वचेवर काढून टाकण्याजोगे असे बहुधा काही नसतेच, त्यामुळे अहवाल सकारात्मक आला तरी डॉक्टरांच्या हाती करण्यासारखे काही उरत नाही.

तपासणीही भरवशाची नाही. स्त्रीचा नमुना गर्भाशयमुखाच्या ठरावीक भागातून घेता येतो. पुरुषात मात्र विषाणू शिश्नाग्रावर, त्यामागच्या खाचेत, शिश्नाच्या दंडावर किंवा अंडकोषाच्या त्वचेवर कुठेही असू शकतो आणि कोरड्या त्वचेवरून पुरेशा पेशी मिळतातच असे नाही. बाधित जागा पांढरी दिसावी म्हणून सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून पाहिले, तर साध्या सुजेची किंवा ओरखड्याची जागाही पांढरी दिसते. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्थाही पुरुषांच्या अशा सरसकट तपासणीची शिफारस करत नाही.

आजार उलटण्याचे कारण बहुतेकदा स्त्रीच्याच शरीरात असते: बाधित पेशींचा काही भाग मागे राहिलेला असतो किंवा विषाणू टिकून राहिलेला असतो. नेदरलँड्समधील २००३ सालच्या एका अभ्यासात कंडोम वापरणाऱ्या जोडप्यांमधील स्त्रियांचे असे बदल अधिक प्रमाणात ओसरल्याचे दिसले. पण कंडोम वापरण्यासाठी पुरुषाचा अहवाल लागत नाही.

संदेशातला सर्वांत घातक भाग संसर्ग कोणी आणला हे ठरवण्याचा आहे, कारण त्यावरून संसार मोडू शकतात. दहापैकी सुमारे नऊ संसर्ग दोन वर्षांत आपोआप नाहीसे होतात. जे टिकतात, त्यांच्यातून गंभीर बदल व्हायला अनेकदा कित्येक वर्षे लागतात. म्हणून आज सापडलेला बदल या नात्याच्या आधीच्या संसर्गातूनही झालेला असू शकतो. पुरुषाचा अहवाल नकारात्मक असेल, तर त्याचा संसर्ग केव्हाच ओसरलेला असू शकतो. सकारात्मक असेल, तर तो त्याला तिच्याकडूनही झालेला असू शकतो. बेइमानीचा पुरावा यातल्या कोणत्याही अहवालात नसतो.

पुरुषाला चामखीळ, न भरणारी जखम किंवा गाठ दिसली, तर त्याने डॉक्टरांना जरूर दाखवावे. ती त्याच्या स्वतःच्या प्रकृतीची बाब आहे. स्त्रीने मात्र उपचारानंतर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, साधारणपणे सहा ते बारा महिन्यांनी, पुन्हा तपासणी करून घ्यावी आणि पुढेही ती चुकवू नये, कारण गंभीर बदलांवर उपचार झालेल्या स्त्रियांसाठी अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे किमान २५ वर्षे पाठपुरावा सुचवतात.